तिकीट आपलं, जिना त्यांचा

बंड्या: परदेशी पाकिटावर तिकीट आपल्या पोस्टाचं, पैसे आपल्या पोस्टाकडेच. मग तिकडचा पोस्टमन घरपोच देतो ते कोणाच्या खर्चाने?

ताई: विमानभाड्यात धरत असतील.

बंड्या: विमान सोड गं. जिना चढतो त्याचं विचारतोय.

अण्णा: प्रश्न जुना आहे, बंड्या. १८४० च्या आधी ब्रिटनमध्ये टपालखर्च बहुधा पत्र घेणाराच द्यायचा.

माई: नको असलं तर परत?

अण्णा: हो, लोक तेच करायचे! मग रोलंड हिलची योजना आली: पैसे आधी भरा, वजनाप्रमाणे भरा, देशात अंतर कितीही असो. मे १८४० मध्ये पेनी ब्लॅक हे पहिलं टपाल तिकीट निघालं.

ताई: त्याच्यावर देशाचं नावच नाही. ब्रिटनच्या तिकिटांवर अजूनही नसतं, नुसता राजाराणीचा चेहरा 😄

अण्णा: पहिला नंबर लावल्याचा मान! पण हद्द ओलांडली की सगळा घोळ. दोन-दोन देशांचे वेगळे करार, आणि एकाच गावाला पत्र कुठल्या वाटेने जातं त्यावर दर बदलायचा. जर्मनीच्या हाइनरिश फॉन श्टेफानने जोर लावला, १८७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बर्नला २२ देशांनी करार करून टपाल संघ काढला. वाटेतल्या देशांना वाहतुकीचे पैसे मिळत राहिले. बाकी तिकीट ज्याने विकलं, पैसे त्याचे.

बंड्या: आणि जिनेवाला?

अण्णा: त्याला काही नाही. पत्र गेलं की उत्तर येणारच, म्हणजे फिट्टंफाट, असा हिशेब.

माई: उत्तर येतं? माझ्या नणंदेला सांगा कोणीतरी.

अण्णा: माई, त्यावरही तोड निघाली होती. १९०६ मध्ये ठरलं आणि १९०७ पासून उत्तराच्या तिकिटाचं कूपन पाठवता यायचं. त्याच कुपनांच्या देशोदेशींच्या भावातल्या फरकावर नफा दाखवून १९२० मध्ये पाँझी नावाच्या ठकाने अमेरिकेतल्या बोस्टनकरांना टोपी घातली. कुपनं नावाला, जुन्यांचे पैसे नव्यांच्या पैशातून.

ताई: अण्णा, जिना राहिला.

अण्णा: हो हो. काही देशांतून टपाल नुसतं जायचं, परत तेवढं येईना. १९६९ मध्ये टोकियोला ठरलं की जास्त पाठवणाऱ्याने फरक भरायचा. १९७१ पासून लागू. पुढे ऑनलाइन खरेदीची छोटी पाकिटं आली आणि त्या दरांवरूनच अमेरिका २०१९ मध्ये त्या टपाल संघातून बाहेर पडायला निघाली होती. जिनिव्हात कशीबशी समजूत निघाली.

माई: म्हणजे जवळजवळ शंभर वर्षं तो उत्तराच्या भरवशावर जिने चढला.

बंड्या: आणि वर गेल्यावर दाराला कुलूप 😂