ऊसतोडीला जाणाऱ्या आईचं नाव मतदार यादीतून कमी झालंय, वहिनीचं चढत नाही. काय करावं?

कोयत्याची_लेक

मी बीड जिल्ह्यातली, सध्या पुण्यात नर्सिंगला आहे. दसरा झाला की आई आणि अण्णा टोळीबरोबर सांगलीकडं कारखान्यावर जातात आणि पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की गावी येतात. यंदा मोबाइलवर मतदार यादी बघितली तर अण्णांचं नाव आहे, आईचं नाही. गावात विचारलं तर म्हणाले, पडताळणीला आलो तेव्हा घराला कुलूप होतं, म्हणून 'स्थलांतरित' शेरा पडला. दोघं एकाच कोयत्यावर, म्हणजे जोडीनं तोडणीला जातात. मग अण्णा गावचे आणि आई परगावची कशी झाली? आई म्हणते, "कार्ड हाय ना माझ्याकडं, कोण अडवतंय मला?"

दुसरं वहिनीचं. ती वीस वर्षांची, लग्न मागच्या उन्हाळ्यात झालं. आधारवर माहेरचं नाव, माहेरचाच पत्ता. जन्म उसाच्या फडावरचा, त्यामुळं दाखला नाही. आमचं वीजबिल अजून वारलेल्या आजोबांच्या नावावर येतं. सेवा केंद्रावर सांगितलं की पत्त्याचा पुरावा नसेल तर अर्जच भरू नका.

टोळी नेणारा मुकादम म्हणतो, कारखान्याकडंच सगळ्यांची नावं टाकतो. ते चालतं का? सहा महिने ज्याची उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फेडायची, त्याच्याच हातानं नाव टाकून घ्यायचं, हे माझ्या मनाला पटत नाही.

जुने_बीएलओ

ताई, मी शिक्षक होतो, निवृत्त होईपर्यंत गावात बीएलओचं, म्हणजे घरोघरी जाऊन मतदार यादी तपासायचं काम केलं. आईंना आधी एक गोष्ट समजावून सांगा. मत कार्डावर पडत नाही, यादीवर पडतं. यादीत नाव नसेल तर नवंकोरं कार्ड दाखवलं तरी केंद्राध्यक्ष मत देऊ देणार नाही. यादीत नाव असेल आणि कार्ड हरवलं असेल, तर मात्र दुसऱ्या ओळखपत्रावर मत देता येतं.

आता 'स्थलांतरित' शेऱ्याचं. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५०, कलम २० वाचा. माणूस तात्पुरता बाहेर गेला म्हणून तो त्या गावचा रहिवासी राहत नाही असं होत नाही, हे तिथं स्पष्ट लिहिलंय. ऊसतोड म्हणजे तात्पुरतं जाणं नाही तर काय? घर गावात, रेशन गावात, पोरं गावच्या शाळेत. शिवाय कलम २२ प्रमाणे 'इथं राहत नाही' म्हणून नाव काढायचं तर आधी म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. तहसीलच्या निवडणूक शाखेत लेखी विचारा की नोटीस कधी काढली, कुणाच्या हातात दिली. अपील करता येतं, पण त्यात वेळ जातो. आईंचा नमुना ६, म्हणजे नाव नोंदवायचा अर्ज, नव्यानं भरून टाका, पत्ता गावचाच. बंद घर बघून शेरा मारणं सोपं असतं. शेजारी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं, याचं मला फार वाईट वाटतं.

वहिनींचं माहेरच्या यादीत नाव आहे का ते आधी बघा. असेल तर नमुना ८ भरून पत्ता बदलायचा, नमुना ६ भरायचा नाही. नसेल तर नमुना ६. वयाला आधार चालतं. पत्त्याला नवऱ्याचं बँक पासबुक चालतं, मात्र नवरा त्याच पत्त्यावर मतदार हवा. तेही नसेल तरी अर्ज घ्यावाच लागतो, मग बीएलओनं घरी येऊन खात्री करायची असते. 'अर्जच भरू नका' हे सांगायचा सेवा केंद्राला अधिकार नाही. नाव आधारवर आहे तसंच लिहा, नातेवाइकाच्या रकान्यात नवऱ्याचं नाव घाला.

कारखान्याकडं नाव टाकू नका. दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही, आणि खोटं घोषणापत्र दिलं तर कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सही आईची असेल, मुकादमाची नाही.

वाचनालयातली

अण्णांचं राहिलं आणि आईचं गेलं, यावरून आठवलं. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीच्या वेळी कित्येक बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नव्हतं, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तशा नोंदी नाकारल्या आणि जवळपास २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. म्हणून आईला बरोबर घेऊन जा, अर्ज तिच्यासमोर भरा आणि पोच तिच्याच पिशवीत ठेवा.

कोयत्याची_लेक

वहिनीचं माहेरी नाव नव्हतं. दादाच्या पासबुकावर नमुना ६ भरला, आईचाही भरला. आता एवढंच सांगा, कार्ड यायच्या आत निवडणूक लागली तर रेशन कार्ड चालेल का?

जुने_बीएलओ

छान केलंत. २०२४ ला निवडणूक आयोगानं पर्यायी बारा ओळखपत्रं सांगितली होती, त्यात रेशन कार्ड नव्हतं. आधार, रोहयोचं जॉब कार्ड, फोटो असलेलं पोस्टाचं किंवा बँकेचं पासबुक, पॅन, लायसन हे होतं. मतदार चिठ्ठी एकटी चालत नाही, २०१९ पासून ते बंद आहे. कार्डावरच्या नावात काना-मात्रेची चूक असली आणि माणूस तोच असल्याचं पटत असलं, तर मत नाकारायचं नसतं. आणि अर्जाचा पाठपुरावा सोडू नका. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी गोठते. १९५० या हेल्पलाइन नंबरवर फोन करूनही स्थिती कळते.

वाळव्याचा

आमच्याकडच्या फडात हीच माणसं असतात म्हणून लिहितो. नाव चढलं तरी पुढचा प्रश्न उरतोच. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं, ऐन हंगामाच्या तोंडावर. मतदानाला भरपगारी सुट्टीचं कलम १३५ख (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१) आहे, पण टनावर मजुरी घेणाऱ्याला सांगलीहून बीडला जाऊन यायला एक दिवस पुरत नाही, आणि गाडीभाडं कोण देणार? १६ जानेवारी २०२३ ला आयोगानं परगावाहून मत देता येईल असं यंत्र पक्षांना दाखवायला बोलावलं होतं. विरोधी पक्षांनी शंका काढल्या, पुढं ते आलं नाही. शंका खऱ्याही असतील. पण तोवर कारखान्यांनी टोळ्यांना मतदानासाठी गाड्या आणि दोन दिवसांचा खाडा भरून द्यावा, असं मी आमच्या भागात मागतो आहे. ताई, तुमच्या टोळीतल्या किती जणांची नावं यादीत आहेत, तेवढं बघून कळवाल का? माझ्या मागणीच्या अर्जाला जोडतो.