शाफ्टच्या ग्लँडची ग्रीसची नळी गेलीय, बोट पाण्यात असतानाच बदलू का?

शीडवाला
मंडळी, आमची २७ फुटी फायबरची शिडाची बोट आहे. बांधणी इंग्लंडची, जुनी. मुंबईत गेटवेसमोर बोयाला (नांगरलेल्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली असते. आत दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, शाफ्टला जुन्या पद्धतीचा डोरीचा ग्लँड (शाफ्ट बोटीबाहेर जातो तिथे डोरी भरून पाणी अडवणारा). कॉकपिटच्या लॉकरमध्ये पितळी ग्रीसर आहे. इंजिन बंद केलं की हाताला जड लागेपर्यंत त्याची मूठ फिरवायची, बस.

हल्ली मूठ लोण्यात फिरावी तशी फिरते. टॉर्च घेऊन इंजिनमागे डोकं घातलं तर तांब्याची नळी इंजिनच्या पायाला घासून एका अंगाने पार पातळ झालेली, आणि ग्लँडच्या नटापाशी केसाएवढी चीर. ग्रीस आत जातच नाही, चिरेतून बाहेर येऊन खाली बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) पिवळे गोळे तरंगतायत. पूर्वी बोट उभी असताना ग्लँड कोरडा असायचा, आता टपटप चालू.

पार्टनरचं म्हणणं, ग्लँडचे नट अर्धा फेरा आवळू आणि पावसाळ्याआधी बोट वर काढली की बघू. मला पटत नाही. पाण्यातच नळी बदलता येईल का? तांब्याचीच घालू की दुसरी?

मिरकरवाडा_मेस्त्री
दादा, पार्टनरला नटाला हात लावू देऊ नका. ग्रीस नसताना डोरी आवळली की ती शाफ्टलाच खाते. पावसाळी मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत आम्ही ट्रॉलरचे शाफ्ट बाहेर काढतो, तेव्हा ग्लँडच्या जागी नख अडकेल असा चर दिसतो. मग कितीही नवी डोरी भरा, पाणी यायचं थांबत नाही.

पाण्यात काम होतं, आरामात. नट सोडल्यावर भोकातून पाण्याची बारीक धार येईल, तेवढ्यासाठी लाकडाची निमुळती खुंटी आधीच तासून खिशात ठेवा. बिल्जचा पंप चालतो ना, ते अगोदर बघा, मग पाना लावा. आणि भांगाचा दिवस धरा, म्हणजे भरती-ओहोटीची ओढ कमी असते तो. उधाणाच्या ओढीने बोयाला असताना शाफ्टचा पंखा (प्रोपेलर) आपसूक फिरतो, तुमची बोटं शाफ्टजवळ असणार. गिअर टाकून ठेवा, चावी स्वतःच्या खिशात.

निवृत्त_चीफ_पुणे
मेस्त्रींशी सहमत. आता नळीबद्दल.

तांबं थरथरीने कडक होतं आणि मग नटापाशीच तडकतं, कारण तिथे ते जखडलेलं असतं. पुन्हा तांबंच घालणार असाल तर नळी मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवा, मऊ पडेल (लोखंडाला पाणी पाजल्यासारखी कडक नाही होत). नटाआधी एक मोठा वेटोळा ठेवा, म्हणजे इंजिनची थरथर तो झेलेल. माझ्या मते मात्र ८ मिमीची नायलॉनची नळी बरी. नायलॉन सांगा, पीयू (पॉलियुरेथेन) घेऊ नका, ती फार लवचीक असते. टोकात पितळी इन्सर्ट (नळीला आतून आधार देणारा तुकडा) घालायला विसरू नका, नाहीतर नट आवळताच नळी चेपते आणि ग्रीसच्या दाबाने निसटते. तुमची बोट जुनी इंग्लिश, त्यामुळे आधीची नळी ५/१६ इंची असू शकते. ती ७.९४ मिमी भरते; नजरेला ८ सारखीच, म्हणून नळीबरोबर ऑलिव्हही (नटाखाली नळीवर चेपून बसणाऱ्या कड्या) ८ चेच नवे घ्या.

सगळ्यात महत्त्वाचं: नळी जोडण्याआधी ग्रीसने भरा. आतला व्यास ६ मिमी धरला तर मीटरभर नळीत सुमारे २८ मिली ग्रीस मावतं. रिकामी जोडलीत तर तुम्ही मूठ फिरवत बसाल, ग्लँडला नुसती हवा मिळेल. ग्रीस पाण्याला दाद न देणारं, कॅल्शियमवालं.

आणि नळी इंजिनच्या पायाला घासलीच का? इंजिनखालचे रबर माउंट दबून बसले असतील.

कुलाबा_नवखा
एवढं करण्यापेक्षा ड्रिपलेस सील (डोरीऐवजी बसणारं, न गळणारं) का नाही बसवत? ग्रीसची कटकटच नको.

निवृत्त_चीफ_पुणे
बसवा की. पण त्यासाठी बोट वर घ्यावी लागेल, कपलिंग (इंजिन आणि शाफ्टचा जोड) सोडून शाफ्ट मागे सरकवावा लागेल. आजचं पाणी त्याने थांबत नाही. शिवाय डोरी बिघडताना आधी थेंबाथेंबाने सांगते. सीलचा रबराचा बेलो (घड्यांचा नळा) फाटला तर सांगत बसत नाही.

शीडवाला
झालं काम! अष्टमीचा भांग धरून केलं. नळी, इन्सर्ट, ऑलिव्ह सगळं नागदेवी स्ट्रीटला एकाच दुकानात मिळालं. ग्रीस ग्रीसगनने भरलं, दुसऱ्या टोकातून बाहेर यायला लागलं तेव्हाच नट लावला. धार मेस्त्री म्हणाले तशीच, करंगळीएवढीसुद्धा नाही. पार्टनर खुंटी धरून बसला होता आणि मला घाई करत होता. नवी नळी इंजिनपासून लांब, लाकडी बल्कहेडवर क्लिपा मारून नेलीय. मूठ पुन्हा जड लागते. अर्धा तास इंजिन चालवलं, ग्लँडवर हात टेकवता येतो, जरा कोमट. बंद केल्यावर थेंब नाही.

माउंटचं चीफसाहेब म्हणतात तेच, मागचे दोन्ही बसलेत.

मिरकरवाडा_मेस्त्री
मग माउंट बदलल्यावर कपलिंगची लाइन बोट पाण्यात उतरवून, एक दिवस बसू देऊन मगच तपासा. वर असताना केलेली लाइन पाण्यात हलते. आणि बोट वर असताना शाफ्ट पंख्यापाशी धरून वरखाली हलवून बघा. खेळ लागला तर बेअरिंग त्याच वेळी उरका.