छोटा देश, एकच मोठं गिऱ्हाईक: न्यूझीलंड-चीन व्यापारात नैतिक प्रश्न नेमका कुठे अडतो?

पार्लेकर

आमच्या पार्ल्याच्या अभ्यासमंडळात पुढच्या महिन्यात विषय आहे: लहान देशाने चीनशी व्यापार वाढवताना कुठे थांबावं? मांडणीसाठी न्यूझीलंड घेतलाय. लोकसंख्या ५३ लाखांच्या आसपास, म्हणजे आपल्या उपनगर जिल्ह्याहूनही कमी. चीनशी मुक्त व्यापार करार करणारा पहिला विकसित देश. सही ७ एप्रिल २००८, अंमल १ ऑक्टोबर २००८ पासून. आज निर्यातीचा साधारण चौथा हिस्सा चीनला जातो: दूध पावडर, लाकडाचे ओंडके, मांस, किवी.

'चीनवर बहिष्कार' आणि 'धंद्यात कसली नीतिमत्ता' ही दोन्ही टोकं मंडळात दर वेळी ऐकून झाली आहेत. मला मधलं हवंय. बोलल्याबद्दल शिक्षा होते म्हणतात, ती प्रत्यक्षात कोणत्या टेबलावर होते? विकणाऱ्याची जबाबदारी माल बोटीत चढला की संपते का? आणि तिकडून घेतलेल्या मालात वेठबिगारी आहे की नाही हे तपासता येतं का? या कामांतली माणसं इथे आहेत म्हणून विचारतोय.

शेवा_क्लिअरिंग

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शिक्षा म्हणून कधीच होत नाही. 'तुमचे मंत्री असं बोलले म्हणून' असं कुठल्याही कागदावर लिहिलेलं सापडणार नाही. सगळं नेहमीच्याच कारकुनी वाटांनी होतं.

एक वाट अँटी-डंपिंग शुल्काची, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्तात ओतला जातोय म्हणून बसवलेल्या जादा शुल्काची. ऑस्ट्रेलियाने एप्रिल २०२० मध्ये कोविडच्या उगमाची स्वतंत्र चौकशी मागितली. मे महिन्यात त्यांच्या जवावर (बार्ली) ८०.५ टक्के शुल्क बसलं. त्याची चौकशी २०१८ पासूनच चालू होती, त्यामुळे कागदोपत्री दोन्हींचा काही संबंध नाही. मग वाईनवर, मार्च २०२१ च्या अंतिम आदेशात, कंपनीनुसार ११६ ते २१८ टक्के.

दुसरी वाट नोंदणीची. चीनच्या सीमाशुल्क खात्याचा २४८ क्रमांकाचा आदेश १ जानेवारी २०२२ पासून लागू झाला. त्याप्रमाणे खाद्यपदार्थ बनवणाऱ्या प्रत्येक परदेशी कारखान्याला तिथला नोंदणी क्रमांक लागतो. तो पाच वर्षं चालतो. नूतनीकरण नाकारायचीसुद्धा गरज नसते, फाईल नुसती पडून राहिली तरी काम होतं. क्रमांक नाही तर डिक्लेरेशन (माल आत घेण्यासाठी सीमाशुल्काला द्यायचा कागद) भरलंच जात नाही.

तिसरी वाट तपासणीची, आणि नाशवंत मालाला हीच सगळ्यात जास्त झोंबते. नोव्हेंबर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियाचे जिवंत लॉबस्टर शांघाय विमानतळावर धातूंच्या तपासणीसाठी अडकले. पाण्याबाहेर ते दीड-दोन दिवस तगतात. अहवाल चांगला येऊन उपयोग काय? लॉबस्टरची आयात पुन्हा सुरू व्हायला २०२४ चा डिसेंबर उजाडला.

कोळशाची तर घोषणाच झाली नाही, माल फक्त उतरवून घेतला नाही. मुंबईच्या मालकाचं 'जग आनंद' जून २०२० पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून होतं, २३ भारतीय खलाशी जहाजावर. 'अनास्तासिया'वर आणखी १६. क्रू बदलायलाही परवानगी मिळेना. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये 'जग आनंद' जपानला चिबाला नेऊन माणसं उतरवली. भांडण कॅनबेरा आणि बीजिंगचं, अडकली आपली पोरं. मंडळात हे जरूर सांगा, 'आपल्याला काय त्याचं' म्हणणारे गप्प होतील.

आता मुद्दा. 'निर्यातीच्या किती टक्के' हा आकडा एकटा फसवा आहे. दोन गोष्टी बघा: माल किती थांबू शकतो, आणि दुसरं गिऱ्हाईक कोण. ऑस्ट्रेलियाचा जव सौदीकडे वळला, कोळसा आपण आणि जपानने घेतला. वाईन आणि लॉबस्टरला तेवढं मोठं दुसरं दुकान नव्हतं. न्यूझीलंडचं या कसोटीवर बघाल तर दूध पावडर थांबू शकते, भाव पडतो इतकंच. खरी अडचण ओंडक्यांची. पाईनचा ओंडका किमतीने हलका आणि भाड्याने जड, बहुतेक सगळा एकट्या चीनला जातो, आणि झाडाच्या सालीत किडा सापडला की बंदी घालायला कारण तयारच. २०२० मध्ये व्हिक्टोरिया राज्याच्या ओंडक्यांवर बंदी आली ती किड्याच्याच नावाने.

अन्नरसायन

विकणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल लिहितो. न्यूझीलंड घेतलंय तर सानलू प्रकरण टाळताच येणार नाही.

२००८ साली सानलू ही चीनमधली बाळांच्या दुधाच्या पावडरीची मोठी कंपनी होती, आणि तिच्यात न्यूझीलंडच्या फॉन्टेरा या सहकारी डेअरीचा ४३ टक्के हिस्सा होता. दुधात मेलामाईन, म्हणजे प्लास्टिकच्या भांड्यांसाठी वापरतात ते रसायन, मिसळलं जात होतं. कारण तपासणीच्या पद्धतीत आहे. केल्डाल पद्धत प्रथिनं मोजत नाही, नायट्रोजन मोजते आणि दुधासाठी त्याला ६.३८ ने गुणते. मेलामाईनमध्ये वजनाच्या ६६ टक्क्यांहून जास्त नायट्रोजन असतो. लिटरला एक ग्रॅम टाकलं की अहवालात प्रथिनं सुमारे ०.४ टक्क्याने वाढलेली दिसतात. संकलन केंद्रावर भाव प्रथिनांवर ठरतो, म्हणून आधी पाणी घालायचं आणि मग हे टाकून आकडा सावरायचा. मूत्रपिंडात मेलामाईन युरिक आम्लाबरोबर खडे धरतं. बाळाचं सगळं पोषण एकाच डब्यावर, त्यामुळे मात्राही त्यालाच सर्वाधिक. सहा बाळं दगावली, सुमारे तीन लाख आजारी पडली.

आता तारखा बघा. फॉन्टेराला कळलं २ ऑगस्टला. बीजिंग ऑलिंपिक ८ ऑगस्टला सुरू. त्यांनी स्थानिक अधिकाऱ्यांकडे माल परत घेण्याचा आग्रह धरला, जाहीर मात्र काही केलं नाही. न्यूझीलंड सरकारपर्यंत बातमी सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पोहोचली. पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी थेट बीजिंगला कळवायला लावलं, आणि ११ सप्टेंबरला माल परत बोलावल्याचं जाहीर झालं. मधले जवळजवळ सहा आठवडे डबे उघडले जातच होते.

'आम्ही आतून प्रयत्न करत होतो' हा बचाव तेव्हाही झाला. पण ४३ टक्क्यांत नफ्याचा वाटा मिळतो, निर्णयाचा नाही. भागीदारी करताना करारात तीन गोष्टी नसतील तर जबाबदारी घेतलीच नाही असं मी धरेन: कच्च्या दुधाचा स्वतंत्र नमुना काढायचा हक्क, तो तिसऱ्या देशातल्या प्रयोगशाळेत तपासायचा हक्क (मेलामाईनला एलसी-एमएस/एमएस, म्हणजे नेमका रेणू ओळखणारं यंत्र लागतं, केल्डाल नाही), आणि भागीदाराची संमती नसतानाही धोका जाहीर करायचा हक्क. तिसरा मिळवणं सगळ्यात कठीण, आणि सानलूत नेमकं तिथेच अडलं.

यातली न बोलली जाणारी बाजूही मांडा. मुक्त व्यापार करार लागू झाला तो माल परत घेतल्यानंतर तीनच आठवड्यांनी. चिनी आईबापांचा देशी डब्यावरचा विश्वास उडाला, ते परदेशी दूध शोधू लागले, आणि न्यूझीलंडची पावडर जोरात खपली. ज्या अपघातात आपल्या भागीदाराचा हात, त्याचाच फायदा आपल्याला. गुन्हा म्हणता येणार नाही, पण डोळ्याआडही करता येत नाही.

जाता जाता: भारताने चिनी दुग्धपदार्थांवर सप्टेंबर २००८ मध्ये तीन महिन्यांसाठी घातलेली बंदी पुढे वाढतच गेली.

शिवडीचा_बोका

तिसरा प्रश्न. तपासता येतं, पण कापसात एका टप्प्यापर्यंतच.

उइघुर मुस्लिमांना वेठबिगारीला लावल्याचे आरोप आहेत ते चीनच्या शिनजियांग प्रांताबद्दल. चीनच्या कापसापैकी ८० टक्क्यांहून जास्त तिथला, म्हणजे जगातला साधारण पाचवा हिस्सा. जिनिंगपर्यंत (सरकी काढून गाठी बांधेपर्यंत) गाठीला नंबर असतो, माग लागतो. सूतगिरणीच्या ब्लो रूममध्ये, म्हणजे गाठी मोकळ्या करतात त्या विभागात, वेगवेगळ्या लॉटच्या डझनावारी गाठी शेजारी मांडतात आणि मशीन प्रत्येकीतून थोडी थोडी रुई उचलतं. सुताचा दर्जा सारखा राहावा म्हणून हे मुद्दाम करतात. तिथून पुढे 'हा धागा कुठल्या शेतातला' याला अर्थ उरत नाही. समस्थानिकांची चाचणी (रुईतल्या मूलद्रव्यांच्या प्रकारांचं प्रमाण मोजणारी) प्रदेश सांगते, पण मिश्रणात शिनजियांगची रुई थोडीच असेल तर ती चाचणीतून निसटते. त्यात सूत चीनमधून व्हिएतनामला जातं, कापड आणखी तिसरीकडे विणतात आणि लेबल शिवणाऱ्या देशाचं लागतं.

ऑडिटवर भिस्त ठेवू नका. कामगाराला मोकळेपणी बोलता येत नसेल तर मुलाखतीचा कागद कोराच समजायचा. याच कारणाने २०२० मध्ये काही मोठ्या तपासणी कंपन्यांनी शिनजियांगमधलं काम थांबवलं.

सोलर पॅनेलमध्ये मात्र माग लावायला एक जागा सापडते. त्याची साखळी क्वार्ट्झ, सिलिकॉन धातू, पॉलिसिलिकॉन (अतिशुद्ध सिलिकॉन), इनगॉट, वेफर, सेल, मोड्यूल अशी आहे. पॉलिसिलिकॉनचे कारखाने जगात मोजकेच, म्हणून माग लावायचा तो तिथे. अमेरिकेच्या उइघुर वेठबिगारी प्रतिबंध कायद्याने (२१ जून २०२२ पासून) ओझं उलटं फिरवलं: शिनजियांगचा अंश असलेला माल वेठबिगारीचाच मानायचा, नाही हे आयातदाराने सिद्ध करायचं. कंपन्यांनी काय केलं? अमेरिकेसाठी स्वच्छ कागदांचा वेगळा माल, बाकी जगासाठी उरलेला. तिथल्या बंदरात अडवलेला माल परत बाहेर नेताही येतो. कायदा नसलेल्या देशाच्या गळ्यात हा उरलेला माल पडतो.

५३ लाखांची बाजारपेठ चिनी कारखान्याला नव्या अटी घालू शकत नाही. पण तयार अटी उसन्या घेता येतात. अमेरिकी बंदरासाठी बनवलेली फाईल, म्हणजे पॉलिसिलिकॉन कारखान्याचं नाव, क्वार्ट्झच्या खरेदीची बिलं, प्रत्येक टप्प्याचे लॉट नंबर, तीच फाईल त्याच कारखान्याकडून मागायची. ती आधीच तयार असते, म्हणून खर्च थोडा. देत नसतील तर तेवढंच उत्तर पुरेसं आहे. युरोपचा वेठबिगारी मालबंदीचा नियमही १४ डिसेंबर २०२७ पासून लागू होतोय, तेव्हा हे मागणं आणखी सोपं जाईल.

गिरगाव_चौपाटी

सगळं ठीक, पण पोट भरलेल्यांचे हे चोचले. लिथुआनियाने ताठा दाखवला, काय मिळालं?

शेवा_क्लिअरिंग

@गिरगाव_चौपाटी, लिथुआनियाचं उदाहरण उलट्या बाजूने वाचा. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यांनी विल्नियसमध्ये 'तैवानी' नावाचं कार्यालय उघडू दिलं. डिसेंबरच्या सुरुवातीला चीनच्या सीमाशुल्काच्या संगणकात देशांच्या यादीतून लिथुआनियाच गायब. यादीत नाव नाही तर डिक्लेरेशन भरणार कसं? पण त्यांची चीनला थेट निर्यात एकूण निर्यातीच्या जेमतेम एक टक्का होती, म्हणून बोलायची हिंमत झाली. मार बसला तो वळसा घेऊन: लिथुआनियात बनलेले सुटे भाग वापरणाऱ्या जर्मन कंपन्यांवर दबाव आला. चीनच्या वाटेवरच्या रमच्या २०,४०० बाटल्या तैवानच्या सरकारी कंपनीने उचलल्या, त्याची बातमी खूप झाली. रमने देश चालत नाही हे मान्य.

युरोपीय संघाने जानेवारी २०२२ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत तक्रार नेली. जानेवारी २०२४ मध्ये सुनावणी स्थगित झाली. बारा महिन्यांत पुन्हा सुरू केली नाही की नियमाने पॅनेल (तक्रार ऐकणारं मंडळ) संपतं, तसं ते संपलं. लेखी आदेशच नसलेली कारवाई सिद्ध करणं किती अवघड, ते यावरून कळतं.

पार्लेकर

आभार. मग न्यूझीलंड बोललं की नाही? ५ मे २०२१ ला त्यांच्या संसदेत शिनजियांगबद्दल ठराव झाला एवढं वाचलंय.

शिवडीचा_बोका

झाला, एकमताने. मूळ प्रस्तावात 'वंशसंहार' होता. सत्ताधारी मजूर पक्ष त्याला तयार झाला नाही, तेव्हा 'मानवाधिकारांचं गंभीर उल्लंघन' असं करून मंजूर केला. सरकारचं म्हणणं असं की वंशसंहार ठरवायला आंतरराष्ट्रीय कायद्याची प्रक्रिया लागते. म्हणणं खोटं नाही. पण त्याच महिन्यात परराष्ट्रमंत्री नानाया माहुता यांनी निर्यातदारांना उघड सांगितलं होतं की ऑस्ट्रेलियावर आलेलं वादळ आपल्यावरही येऊ शकतं, एकाच टोपलीवर विसंबू नका. ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचा.

मंडळात नॉर्वेही घ्या. २०१० मध्ये तुरुंगात असलेले चिनी लोकशाहीवादी लेखक लिऊ शिआओबो यांना शांततेचं नोबेल मिळालं, ते नॉर्वेत दिलं जातं. ते सरकार देत नाही, समिती देते, तरी संबंध सहा वर्षं गोठले आणि ताज्या सॅमनवर तपासण्यांचा भडिमार झाला. बराच मासा व्हिएतनाममार्गे जात राहिला. डिसेंबर २०१६ मध्ये संबंध सुधारले ते संयुक्त निवेदनावर सही करूनच. चीनच्या 'गाभ्याच्या हितांना' बाधा येईल अशा कृतीला पाठिंबा देणार नाही, असं नॉर्वेने त्यात लिहून दिलं. सॅमनचा बाजार परत मिळाला तो या किमतीला. सहा वर्षांत बुडालेली विक्री आणि ते वाक्य, यातली मोठी किंमत कोणती यावर तुमच्या मंडळात मतं मागवा. तासभर सहज जाईल.

अन्नरसायन

एक भर. न्यूझीलंडच्या दूध पावडरीला चीनमध्ये १ जानेवारी २०२४ पर्यंत कोट्याची अट होती: ठरलेलं टनेज भरलं की सवलत संपून शुल्क परत १० टक्क्यांवर. त्यामुळे दर जानेवारीत पहिल्याच दिवसांत माल आत घुसवायची शर्यत लागायची. आता ती अट गेली. निर्यातदार खूश आहेत, पण चीनबाहेर गिऱ्हाईक शोधत राहायला त्यांना निदान या अटीची तरी टोचणी होती. २०२४ नंतर पावडरीत चीनचा वाटा किती हलला तो आकडा न्यूझीलंडच्या सांख्यिकी खात्याच्या मासिक तक्त्यांतून काढून घ्या, आणि ओंडक्यांचा रकानाही बघा.