पेटीतल्या जुन्या फुलपाखरांचा डीएनए निघेल का?

खाडीकाठ_ठाणे: कॉलेजच्या संग्रहात चाळीसेक वर्षांपूर्वीची टाचणीवरची फुलपाखरं आहेत, शिवाय ठाणे खाडीतले फॉर्मॅलिनमधले मासे. एमएस्सीच्या मुलांना बारकोडिंग, म्हणजे डीएनएच्या एका ठरावीक तुकड्यावरून जात ओळखणं, शिकवायचंय. नमुने न बिघडवता जमेल का?

सीओआय_६५८: फुलपाखराचा एक पाय पुरतो. नेहमी एकाच बाजूचा काढा, म्हणजे दुसरी बाजू ओळख पटवायला शाबूत राहते. १८० मायक्रोलिटर लायसिस बफर (पेशी फोडणारं द्रावण), २० मायक्रोलिटर प्रोटिनेज के (प्रथिनं पचवणारं विकर), ५६ अंशांवर रात्रभर. पाय कुटू नका. नंतर अल्कोहोलने धुऊन, वाळवून जिलेटिन कॅप्सूलमध्ये घाला आणि त्याच टाचणीला लावा. शेवटी डीएनए ३०-५० मायक्रोलिटरमध्येच उतरवा, २०० घेतलेत तर फार विरळ होतो.

खरी गोम पुढे आहे. इतक्या जुन्या नमुन्यात डीएनएचे तुकडे झालेले असतात, बारकोडसाठी वापरतात तो सीओआय जनुकाचा ६५८ बेस जोड्यांचा तुकडा सहसा सलग मिळत नाही. पीसीआरने डीएनएच्या प्रती वाढवल्यावर जेलवर पट्टी दिसली नाही की मुलं ‘डीएनएच नाही’ असं लिहून मोकळी होतात. त्याच जनुकाचा दीडशे बेस जोड्यांच्या आसपासचा छोटा तुकडा, म्हणजे मिनी-बारकोड, लावून बघा. १९८४ मध्ये क्वागाच्या (नामशेष झालेल्या झेब्र्याच्या) म्युझियममधल्या कातड्यातून मिळालेले तुकडेही छोटेच होते.

निवटी: फॉर्मॅलिनवाले मासे वर्गासाठी विसरा. फॉर्मॅलिन डीएनए आणि प्रथिनं एकमेकांत जखडून टाकतं. ते सोडवायचे उपाय आहेत, पण नवशिक्यांसाठी नाहीत. त्यापेक्षा नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या बाजारातून ताजी निवटी (खाडीच्या चिखलातला मासा) आणा. २० मिलिग्रॅम स्नायू ९५ टक्के इथेनॉलमध्ये, मांसाच्या दहापट. दुसऱ्या दिवशी इथेनॉल बदला, कारण मांसातल्या पाण्याने ते पातळ होतं. लेबल पेन्सिलीने; बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये उतरते. उरलेला मासा त्याच क्रमांकाने जपून ठेवा, नाहीतर सिक्वेन्सवर शंका आली की पडताळायला हातात काहीच नाही.

सीओआय_६५८: सहमत. फक्त ताजं आणि जुनं एका टेबलावर नको. जुन्याचं काम आधी, वेगळ्या खोलीत, पीसीआरच्या खोलीतून कुणी परत तिकडे जायचं नाही. प्रत्येक खेपेला नमुना न घातलेली एक नळी चालवा. तिच्यात पट्टी आली तर ती सगळी खेप बाद. फुलपाखरांत कधी कधी त्यांच्या शरीरात राहणाऱ्या वोल्बाकिया या जिवाणूचाच सीओआय वाढतो, म्हणून सिक्वेन्स ब्लास्ट करा, म्हणजे माहीत असलेल्या सिक्वेन्सशी ताडून बघा. मधेच स्टॉप कोडॉन (प्रथिन तिथेच थांबवणारी खूण) निघाला तर बहुधा तो मायटोकॉन्ड्रियातला खरा सीओआय नाही, केंद्रकातली खोटी प्रत आहे.

निवटी: आणि पाय काढण्याआधी ती जात १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या अनुसूचीत आहे का ते बघा. काढल्यावर नोंदवहीत तारीख आणि कुठला पाय, दोन्ही लिहा.