वाचनालयाचे ॲप आणि वाचकाची नोंद: संमती द्यावी का?

सुरसागरकाठ (प्रश्न)

नमस्कार. वडोदऱ्यातील एका लहान मराठी वाचनालयात मी गेली २२ वर्षे दर शनिवारी संध्याकाळी देवघेवीच्या टेबलावर बसते. आमच्या कार्यकारी मंडळाने देवघेव एका खासगी कंपनीच्या मोबाईल ॲपवरून करायचे जवळजवळ ठरवले असून रविवारच्या सभेत तसा ठराव येणार आहे. ॲपला पैसे पडत नाहीत. मात्र नोंदणी करतानाच ते मोबाईल क्रमांक, जन्मतारीख, आपण असतो ते ठिकाण आणि फोनमधील संपर्कांची यादी मागते, आणि सभासदाने आजवर काय वाचले ते पाहून पुढचे पुस्तक सुचवते. पुस्तकावर अभिप्राय लिहायचा असेल, तर तोही खऱ्या नावानेच लिहावा लागतो.

आमची आजची पद्धत जुनी आहे. प्रत्येक पुस्तकाच्या आतल्या खिशात त्याचे नाव आणि दाखल क्रमांक लिहिलेले कार्ड असते. सभासद पुस्तक नेतो तेव्हा ते कार्ड त्याच्या नावाच्या तपकिरी पाकिटात घालून पाकीट तारखेप्रमाणे लाकडी ट्रेमध्ये लावायचे. पुस्तक परत आले की कार्ड पुस्तकात जाते आणि पाकीट सभासदाच्या हातात. त्यानंतर कोणी काय वाचले याचा मागमूस आमच्याकडे उरत नाही.

काही वर्षांपूर्वी एक बाई घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक न्यायच्या. पाककृतींच्या दोन पुस्तकांच्या मध्ये ठेवून ते टेबलावर आणायच्या आणि मी कार्ड काढून घेईपर्यंत दाराकडे पाहत राहायच्या, कारण त्यांच्या सासरची माणसेही आमची सभासद होती. मी काही विचारले नाही, त्यांनीही काही सांगितले नाही. तेव्हा हे ॲप असते तर त्यांनी ते पुस्तक घरी नेले असते का, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

या नोंदी कोठे साठवल्या जाणार आणि कोण पाहू शकणार, एवढेच मी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटात विचारले होते. ॲडमिनने तो संदेश काढून टाकला. माझ्या शंकेला आधार आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जुना वर्गणीदार, कारेलीबाग

ताई, आपला संदेश काढायला नको होता, हे आधी स्पष्ट सांगतो. पण ॲपला विरोध मला पटत नाही. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये ग्रंथपाल बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानभर ग्रंथालये उभी केली आणि पेट्यांमधून पुस्तके खेड्यापाड्यांत पोहोचवली. नव्या पद्धतीला घाबरण्याची या शहराची रीत नाही. आपल्या ट्रेमधून मागचे काही कळत नाही, म्हणूनच पाने फाडलेले पुस्तक परत आले तर ते आधी कोणाकडे होते हेही सांगता येत नाही. माझ्या दोन्ही नाती मराठी वाचतात, पण त्यांना पुस्तक फोनवर शोधायचे असते. शिवाय मी कादंबऱ्या आणि प्रवासवर्णने वाचतो. ती कोणी पाहिली तर माझे काय बिघडणार आहे?

मांजलपूरचा संगणकवाला

काका, आपले कदाचित काहीच बिघडणार नाही, परंतु नोंद सर्वांचीच होते आणि ती आपल्या यादीपुरती थांबत नाही. मी अशा प्रणाली तयार करण्याचेच काम करतो, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. मोबाईल क्रमांक हा आज निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकमेकींना जोडणारा धागा झाला आहे. औषधांच्या दुकानाकडे, वाहिनीच्या वर्गणीकडे आणि वाचनालयाकडे एकच क्रमांक असेल, तर या तिन्ही याद्या ज्याच्या हाती येतील त्याला तुमचे नाव विचारण्याची गरजच उरत नाही. संपर्कांची यादी देताना तर आपण ज्यांनी कधी संमती दिलेली नाही अशा शेकडो माणसांचे क्रमांक परस्पर देऊन टाकतो. ही यादी पुस्तकांच्या देवघेवीला लागत नाही. ती मागितली जाते तेव्हा कंपनीची कमाई त्या माहितीतून व्हायची आहे, असाच माझा तर्क असतो.

नातींची अडचण मात्र खरी आहे आणि तिच्यावर उपाय आहे. न्यूझीलंडमधील एका ग्रंथालयासाठी तयार झालेली आणि २००० सालापासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्त संगणक प्रणाली घ्या. तिच्यात पुस्तक परत येताच वाचकाचा आणि पुस्तकाचा संबंध पुसून टाकण्याची सोय आहे, म्हणजे ताईंची ट्रे जे करते तेच. सूची फोनवर दिसेल, पुस्तक राखूनही ठेवता येईल. फाटक्या पानांसाठी, पुस्तक परत घेताना ते टेबलावरच उघडून पाहणे पुरते.

न्यायमंदिरासमोर

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरते लिहितो. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. त्यानंतर आलेल्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ च्या कलम ६ नुसार संमती मुक्त, विशिष्ट आणि माहितीपूर्ण असावी लागते आणि ती सांगितलेल्या कामासाठी आवश्यक तेवढ्याच माहितीपुरती असते. त्या कलमाखालचे उदाहरण तुमच्या प्रश्नाला नेमके लागू पडते: दूरस्थ वैद्यकीय सेवा देणारे ॲप संपर्कांची यादीही मागते आणि व्यक्ती दोन्हींना होकार देते, तरी ती यादी सेवेसाठी आवश्यक नसल्याने संमती तिला लागू होत नाही. १८ वर्षांखालील सभासदांसाठी पालकांची पडताळता येण्याजोगी संमती लागते आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास कलम ९ ने मनाई केली आहे. वाचनावरून पुस्तक सुचवणे त्यात येईल का, हे तुमच्या मंडळाने आधी विचारून घ्यावे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून बहुतेक जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत आहे.

पण या कायद्यावर सर्वस्वी विसंबू नका. कलम १७ नुसार केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते. काकांनी बॉर्डन यांची आठवण काढली. त्यांच्याच देशात २००१ मध्ये पॅट्रियट हा दहशतवादविरोधी कायदा आला आणि तपास यंत्रणांना ग्रंथालयांच्या नोंदीही मागवता येऊ लागल्या, तेव्हा सर्वांत ठाम विरोध ग्रंथपालांनी केला आणि काही ग्रंथालयांनी जुन्या नोंदी ठेवणेच बंद केले.

खऱ्या नावाने अभिप्राय देण्याची अट मला अधिक खुपते. पालघरच्या दोन मुलींना २०१२ मध्ये एका फेसबुक मजकुरावरून अटक झाली होती. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ज्या कलम ६६अ खाली अशा अटका होत असत ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले, तरी आपल्या नावापुढे काय लिहिले जाईल ही धास्ती माणसांच्या मनातून गेलेली नाही. आपण काय वाचतो हे कोणीतरी पाहत आहे असे वाटू लागले की माणूस आधी पुस्तक बदलतो आणि मग बोलणे. ताईंच्या संदेशाचे गटात जे झाले ते कायद्याच्या कक्षेत येत नाही, पण तोच प्रश्न सभेत लेखी देऊन इतिवृत्तात घ्यायला लावता येईल.

जुना वर्गणीदार, कारेलीबाग

संपर्कांच्या यादीविषयी माझे मत बदलले. त्या यादीत माझ्या नातींचेही क्रमांक आहेत, हे माझ्या ध्यानात आले नव्हते. सभेत ताईंच्या प्रश्नाला मी अनुमोदन देईन. सूची फोनवर हवी, हा आग्रह मात्र कायम आहे.

सुरसागरकाठ

सर्वांची आभारी आहे. काका, आपला आग्रह रास्त आहे आणि मी तो प्रस्तावात घेते. देवघेव पूर्ण होताच नोंद पुसली जावी, संपर्क आणि ठिकाण मागितले जाऊ नये, आणि ज्याच्याकडे असा फोन नाही किंवा ज्याला नोंदणी करायची नाही त्या सभासदालाही पाकिटावर पुस्तक मिळावे, एवढे मी लेखी देणार आहे. मसुदा आज रात्री लिहिते. कलम ६ चे शब्द बरोबर उतरले आहेत का, हे वकीलसाहेबांनी शनिवारपूर्वी एकदा पाहून द्यावे.