प्लेसमेंटची चिंतनवही लिहायची कशी? बालवाडीत दिवस जातो आणि वही कोरीच राहते

खानापूर_पॅसेंजर:
नमस्कार मंडळी. पूर्वप्राथमिक शिक्षिकेच्या डिप्लोमाचं माझं दुसरं वर्ष. आठवड्यातले चार दिवस प्लेसमेंट, म्हणजे वर्गात शिकवण्याचा सराव, बेळगावच्या एका उपनगरातल्या बालवाडीत. वर्गात २८ पोरं, निम्म्यांच्या घरी मराठी, निम्म्यांच्या घरी कन्नड. सकाळच्या गाडीनं निघते, घरी यायला पाच वाजतात. मग रिफ्लेक्टिव्ह जर्नल, म्हणजे दिवसभर वर्गात काय घडलं त्यावर विचार करून लिहायची चिंतनवही, लिहायचं, वर इंग्रजी प्रकरणं वाचून असाइनमेंट. वही उघडली की डोळे मिटतात.

परवाची माझी नोंद: ‘आज चिंचोक्यांनी मोजणी घेतली. मुले आनंदाने सहभागी झाली. एका मुलाला मोजता येत नाही. पुढच्या वेळी अधिक प्रयत्न करेन.’ मॅडमनी खाली लाल पेनानं एकच शब्द लिहिला: वरवरचं. बरं, खोल म्हणजे किती खोल ते कोण सांगणार?

दुसरी भीती म्हणजे वहीला मार्क आहेत. माझ्या चुका मीच लिहून दिल्या तर मार्क कापणार नाहीत का?

येळ्ळूरची_ताई:
अगं बाई, पाच वाजता घरी येऊन आठवत बसालीस म्हणून तर काही आठवंना. मी काय करतो सांगतो. (आमच्याकडं बायका पण ‘करतो’च म्हणतात, पुण्याच्या लोकांनी हसू नये.) जुन्या कॅलेंडरच्या पानांचे चार-चार तुकडे, कोरी बाजू वर, एक पिन. ही वही कमरेला. पोरं दूध प्यायला बसली की दोन ओळी. नाव नाही, एक अक्षर आणि वेळ. ‘११.१०, स., चिंचोके, सहापर्यंत बरोबर, मग गप्प.’ बास. संध्याकाळी तेवढं बघितलं की सगळा प्रसंग डोळ्यांपुढं येतो.

आणि ते ‘आनंदाने सहभागी झाली’ खोडून टाक. २८ पोरं एकदम आनंदात मी २२ वर्षांत एकदा पण बघितली नाहीत. कोणतरी कुणाला चिमटा काढतच असतंय.

डीएडचा_मास्तर:
ताईंशी सहमत. पुढची पायरी सांगतो. ‘मोजता येत नाही’ हा निकाल झाला, नोंद नव्हे. गेलमन आणि गॅलिस्टल या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्ये मोजणीची पाच तत्त्वं मांडली. त्यातली तीन तुमच्या कामाची. आकड्यांचा क्रम न बदलता म्हणता येतो का? एका आकड्याला एकच चिंचोका, अशी जोडी लागते का, की तोंड पुढे आणि बोट मागे? मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारलं तर शेवटचा आकडा सांगतो, की पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो? यातलं नेमकं कुठे अडलं ते तुमच्या नोंदीत नाही. मॅडमचं ‘वरवरचं’ त्याला असावं.

कॉलेजात गिब्जचं चक्र, म्हणजे अनुभवावर विचार करायच्या सहा पायऱ्या, शिकवलं असेलच, १९८८ चं. काय घडलं, मला काय वाटलं, बरं-वाईट काय, असं का झालं, निष्कर्ष, पुढे काय. सहाच्या सहा खाने रोज भरायला गेलात तर महिनाभरात कंटाळा येईल आणि सगळ्या नोंदी एका साच्यातल्या निघतील. रोज फक्त पहिला खाना. रविवारी आठवड्यातला एकच प्रसंग निवडा, जो डोक्यातून जात नाही तो, आणि त्याच्यावर सहाही पायऱ्या चढा. चौथ्या पायरीला, म्हणजे ‘का’ला, सर्वांत जास्त जागा द्या. बहुतेक मुली दुसरीवरच अडकतात आणि पानभर ‘मला खूप छान वाटले’ लिहितात.

कॅम्पातला:
गाडीत मोबाईलवर बोलून रेकॉर्ड करा की. लिहायची कटकट नाही.

येळ्ळूरची_ताई:
@कॅम्पातला, डब्यात अर्धं खानापूर बसलेलं असतंय. कुणाचं पोर चड्डीत करतंय ते सगळ्यांना ऐकवणार काय? फोटो पण नको गं, पालकांना विचारल्याशिवाय तर नकोच.

आणि मास्तर, चक्र वगैरे असू दे. बोर्डीला १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडी काढली तेव्हा वस्तीतली पोरं यायला तयार नव्हती. ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व नाही’ असं लिहून त्या मोकळ्या झाल्या असत्या. त्यांनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. सरकारची अंगणवाडी योजना १९७५ ची, ही त्याच्या आधीची. पोरगं अडलं की आधी स्वतःकडं बघायचं, मला एवढंच कळतं.

डीएडचा_मास्तर:
ताई, चक्रसुद्धा तेच सांगतं, फक्त सहा पायऱ्यांत! मार्कांचं म्हणाल तर वह्या मी तपासतो. चूक लिहून ‘दुसऱ्या दिवशी हे बदललं, मग असं झालं’ असं पुढे असेल तर मार्क वाढतात. नुसतं ‘अधिक प्रयत्न करेन’ला मी काही देत नाही.

निपाणीची_सून:
मास्तर, सगळे तपासणारे तुमच्यासारखे नसतात. माझ्या वेळी एका बाईंनी माझी नोंद स्टाफरूममध्ये मोठ्यानं वाचून दाखवली होती. तेव्हापासून मी दोन वह्या ठेवल्या. कच्चीत वाटेल ते, अगदी त्या दिवशी पोरांवर ओरडले तेसुद्धा. पक्कीत त्यातलं निवडून.

इंग्रजी प्रकरणांना माझा उपाय: आधी मथळे आणि शेवटचा परिच्छेद वाचायचा, मग पूर्ण प्रकरण. पुस्तक मिटून मराठीत पाच ओळी. दुसऱ्या दिवशी गाडीत, न बघता, त्याच पाच ओळी आठवायच्या. आठवली नाही तेवढीच ओळ पुन्हा वाचायची. पान नंबर त्याच वेळी लिहून ठेव, नाहीतर असाइनमेंटच्या आदल्या रात्री संदर्भ शोधत बसशील. मी बसलेय.

खानापूर_पॅसेंजर:
आठवड्यानं परत आले. ताईंची पिनेची वही केली. मास्तरांचे तीन प्रश्न घेऊन त्याच पोराला पुन्हा बसवलं. सहापर्यंत बोट आणि आकडा बरोबर, सातला गप्प. तेवढ्यात मदतनीस मावशी बाजूनं म्हणाल्या, “कन्नडात विचारा की.” विचारलं. ओंदु, एरडु, मूरु करत सरळ हत्तुपर्यंत, म्हणजे दहापर्यंत, गेला. “एष्टु?” (किती?) म्हटलं तर लगेच “हत्तु”. आजी न्यायला आली तेव्हा कळलं, वडील बाजारात लिंबं विकतात आणि हा शेजारी बसून मोजून देतो.

म्हणजे मोजणी येतच होती, मराठीतले आकडे सहाच्या पुढे येत नव्हते. आणि पहिल्या दिवशी मी त्याला तीनदा ‘नीट म्हण’ म्हणून दटावलं होतं. तेही पक्क्या वहीत लिहिलं, हात जरा थरथरला. मॅडमनी मार्क अजून दिले नाहीत. खाली प्रश्न आहे: ‘मग मराठीत त्याला सहाच्या पुढे कसं नेशील?’

येळ्ळूरची_ताई:
चिंचोके ठेव बाजूला. उद्या दहा लिंबं घेऊन जा, दुकान मांड आणि त्यालाच मालक कर. तू मराठीत मागायचं, त्यानं मोजून द्यायचं. सात लिंबं मागितल्यावर काय करतो ते लिहून ठेव, आणि इथं पण टाक.