अबोल, बोलके आणि अधलेमधले: माणसांत वावरतानाचे तुमचे अनुभव लिहा

काल भाचीने तिच्या ऑफिसात झालेल्या व्यक्तिमत्त्व चाचणीचा निकाल दाखवला. चार अक्षरं, त्यातलं पहिलं 'आय', म्हणजे अंतर्मुख. केवढी खूश होती! "मावशी, आता मला कोणी घुमी म्हणणार नाही." तेव्हापासून आमचे आप्पा डोक्यातून जात नाहीयेत. पाहुणे आले की सगळ्यांची विचारपूस करायचे आणि गुपचूप मागच्या खोलीत. लोक शिष्ट म्हणायचे. निघताना मात्र एखाद्याचं बंद पडलेलं घड्याळ चालू करून त्याच्या हातात ठेवायचे. माणसं आवडायचीच त्यांना, गप्पांची बैठक सोसायची नाही. तुमच्या घरात, मित्रांत कोण कसं आहे? लिहा.

*गप्पिष्ट*
मी बोलकी. रांगेत उभी राहिले तरी पुढच्या बाईंच्या मुलीच्या परीक्षेपर्यंत पोचते. नवऱ्याला समारंभाहून आल्यावर तासभर कोणी काही विचारायचं नाही. म्हणून मी परतीच्या वाटेवर गाडीतच सगळं बोलून घेते. दोघंही सुखी.

*खडूफळा*
लाजाळू आणि अंतर्मुख यांची गल्लत नको प्लीज. लाजाळू माणसाला बोलायचं असतं, पण लोक काय म्हणतील ही भीती आडवी येते. अंतर्मुखाला भीती नसते, गर्दीने थकवा येतो. मी शिकवते, भरल्या वर्गापुढे मजेत बोलते. मधल्या सुट्टीत मात्र कोणी गप्पा मारायला आलं की जीव मेटाकुटीला येतो.

*निवांत*
खडूफळा +१
फोन वाजत असताना त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं, थांबला की "बोल ना, काय म्हणतोस" असा मेसेज. अजून कोण कोण?

*सांजसकाळ*
मी मी! बाळ उठलं, नंतर लिहिते.

*तिऱ्हाईत*
ती चार अक्षरांची, माणसांचे सोळा प्रकार पाडणारी चाचणी ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींनी मानसशास्त्रज्ञ युंगच्या विचारांवरून बेतली. युंगने अंतर्मुख-बहिर्मुख ही मांडणी १९२१ मध्ये पुस्तकात केली. पण तीच चाचणी काही आठवड्यांनी परत दिली तर बऱ्याच जणांची अक्षरं बदलतात. संशोधनात आता जास्त करून पाच गुणांचं मोजमाप वापरतात. त्यात बहिर्मुखता ही एक पट्टी आहे आणि बहुतेक माणसं मध्येच कुठेतरी असतात. भाचीला आनंद झाला, छानच. पण आमच्याकडे एका मुलीला या अक्षरांवरून ग्राहकांसमोर जाऊ दिलं नाही. ऐकून घेण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. फार राग आला होता मला.

*चिंगीचीआई*
विषय थोडा वेगळा, पण मुलाच्या बाई म्हणतात "मिसळत नाही". एकच मित्र आहे त्याला. काय करू?

*खडूफळा*
अगं, त्या एकाबरोबर खिदळतो का? मग काळजी नको. शाळेत जायलाच नको म्हणत असेल, रडत असेल, तर मात्र बाईंशी नीट बोल.

*सांजसकाळ*
झोपलं एकदाचं. आमच्या सासूबाई आता आधी मेसेज करून विचारतात, "बोलायला वेळ आहे का?" मग मीही तासभर बोलते. गप्पिष्ट, तुमची गाडीची युक्ती भारी आहे, आज करून बघते.

*चिंगीचीआई*
खिदळतात हो, दाराबाहेर आवाज येतो! रविवारी त्या मित्राला राहायलाच बोलावते.